सुपारीवर राहणाऱ्या मामाची टाच

श्रीवर्धन तालुक्यात सुपारीच्या झाडावर चढणारी माणसं आजही पुष्कळ सापडतील, पण सुपारीच्या झाडावर राहिलेला माणूस एकच, आणि तो माझा सख्खा मामा आहे. हे मी बोर्ली पंचतनच्या शाळेत पोरांना भूगोल शिकवतानाही कारण नसताना सांगत असतो. पायांत दोरीचा फास अडकवून मामा खोडावर असा चढतो, की खालच्याने मान वर करेपर्यंत तो शेंड्याला पोचलेला असतो. एका झाडाचे घड उतरवले की खाली यायचं, ही इतरांची रीत. मामा खोडाला मिठी मारून झाड झुलवायला लागतो, झाड वाकत वाकत शेजारच्या झाडापर्यंत गेलं की पुढचं खोड धरतो आणि मागचं सोडून देतो. अशी चाळीस-पन्नास झाडं तो भुईला पाय न लावता करायचा. एकदा मामी "अवो, जेवायला या" म्हणून हाका मारून दमली, तर हा वरून म्हणाला, "घराकडंच येतोय, तू वाढून ठेव," आणि वाडीच्या टोकाच्या झाडावरून थेट परसदारी उतरला. उतरणंही साधं नाही. शेवटची पुरुषभर उंची तो उडी मारून संपवायचा आणि दोन्ही टाचांवर दणकन उभा राहायचा. गावात कुणी पोराच्या दुबईच्या नोकरीचं कौतुक सांगायला लागलं की मी मामाच्या उडीचं सांगतो. समोरचा विषय बदलतो.

मग एके वर्षी मोठं वादळ आलं आणि मामाच्या वाडीतली मधली चाळीसएक झाडं एका दुपारीत आडवी करून गेलं. मामाने त्याच जागी स्वतःच्या हाताने खड्डे काढून नवी रोपं लावली आणि मामीला सांगून टाकलं, "ह्यांचा पयला घड मीच काढणार." साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस, सुपारीला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, पण हे त्याला सांगणार कोण? तोवर वाडीच्या पोटात खिंडार पडलं होतं. पूर्वी तो एका दमात पार व्हायचा, आता दर रांगेला खाली उडी मारायची, खिंडार ओलांडायचं, पुन्हा चढायचं. अशी चारपाच वर्षं गेली आणि एका सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताच मामाच्या उजव्या टाचेत काच घुसल्यासारखी कळ आली.

विहिरीपर्यंत जाऊन येईतो कळ कमी झाली, म्हणून त्याने तिच्याकडे दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काटा असेल म्हणून मामीने सुईने टोकरून पाहिलं, मग बिब्ब्याचा चटका दिला, मग तापवलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेक दिला. टाच भाजली, दुखणं तसंच राहिलं. तेव्हा मामाने स्वतःच निदान केलं. झोपून उठलं की दुखतं, बसून उठलं की दुखतं, चालत राहिलं की कमी होतं. म्हणजे हा रोग बसण्याचा आहे. झालं, मामाने बसणं सोडलं. उभ्याने जेवायला लागला. माझ्या शेजाऱ्याच्या मुलीच्या लग्नात हा पंगतीच्या मागे हातात पत्रावळ धरून उभा, आणि वाढपी समजून लोक त्याच्याकडे वरण मागताहेत.

पुढे त्याच्या लक्षात आलं की झाडावर असताना टाच अजिबात दुखत नाही. दुखणार कशी, तिथे टाच टेकतच नाही! पण मामाने त्यातून शास्त्र काढलं, की बाधा जमिनीत आहे. सकाळी एकदा वर गेला की तो दुपारपर्यंत उतरेना. मामी दोरीला किटली बांधून चहा वर पाठवायची आणि खाली उभी राहून, "वरच घरटं बांधा आता, अंडी कधी घालताय तेवढं कळवा," असं म्हणायची. अर्धा दिवस पायाच्या तळव्यांनी खोड आवळून धरल्यावर त्या तळव्यांची काय दशा होत असेल, हे आम्हा शहाण्यांपैकी कुणालाच सुचलं नाही. फेब्रुवारीत हंगाम संपता संपता मामाने खिंडारात उडी मारली आणि तो उठलाच नाही. मी पोचलो तेव्हा तो त्या कोवळ्या झाडांमध्ये टाच धरून बसला होता. मामाला बसलेलं मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. "भाच्या," तो म्हणाला, "येत्या हंगामाला ही धरणार हायत. आनि मी तर असा."

त्याला स्कूटरवर घालून मी बोर्लीला नव्या आलेल्या फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वयाने त्याच्या नातीएवढ्या. त्यांनी टाचेच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला, मामा ओरडला, आणि त्या म्हणाल्या, "सापडलं. मामा, टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक चिवट पट्टा असतो. तुमच्या उड्यांनी आणि चढण्याने तो टाचेपाशी दुखावलाय. रात्रभर तो आखडतो. सकाळी तुम्ही एकदम भार टाकता, तो ताणला जातो आणि कळ येते."

मामाने क्षणभर विचार केला. "म्हंजे सुका काथ्या. भिजवल्याबिगर ताणला की तुटतो."

"अगदी तसंच," त्या म्हणाल्या, आणि मला मामाचा फार अभिमान वाटला. मग हुकूम सुटले. उठण्याआधी पंचा पायात अडकवून चवडा आपल्याकडे ओढायचा. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या. बर्फाची बाटली तळव्याखाली फिरवायची. उडी बंद. झाड चार महिने बंद, पुढचं तपासून ठरवू. आणि मऊ तळाची चप्पल, घरात आणि वाडीतसुद्धा.

इथे मामा अडला. झाड बंद हे त्याने गिळलं, पण वाडीत चप्पल म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाचा, राखणदाराचा अपमान. वाडीच्या त्या राखणदाराला तो दरसाल नारळ देतो; त्याच्या हद्दीत मामाच्या बापाने कधी वहाण घातली नव्हती. दोन दिवस नव्या चपला खोक्यातच राहिल्या. तिसऱ्या दिवशी मामा नारळ घेऊन वाडीत गेला, चपला राखणदाराच्या दगडापुढे ठेवल्या आणि हात जोडून म्हणाला, "बाबा, ह्या मी न्हाय घालत, डाक्टरीणबाई घालाय लावतायत. काय राग असंल तो बोर्लीला." नारळ फोडला, आणि चपला पायात सरकवल्या.

त्यानंतर मामाने टाचेला असं वाहून घेतलं, की दिघीच्या धक्क्यापासून टाच दुखणारी बाया-माणसं त्याच्याकडे यायला लागली. तो त्यांना सुक्या काथ्याची गोष्ट सांगायचा, सुपारीच्या खोडाला हात टेकवून पोटऱ्या ताणायला लावायचा, आणि "बिब्बा न्हाय घालायचा, मी येडा होतो" हे सगळ्यांसमोर कबूल करायचा. हट्टी माणसाच्या तोंडून हे निघताना ऐकायला मी मुद्दाम थांबायचो. सकाळची कळ रोज थोडी थोडी मागे सरत गेली. पावसाळ्यानंतर डॉक्टरीणबाईंनी टाच दाबली तेव्हा मामा ओरडला नाही. "चढा," त्या म्हणाल्या, "पण थोडं. आणि उडी मारलीत तर माझ्याकडे यायचं नाही."

नोव्हेंबरात खिंडारातल्या नऊ झाडांचे घड पिकले. झाडं जेमतेम दोन पुरुष उंच. मामाने पहिल्या झाडाच्या बुंध्याशी चपला काढल्या, फास अडकवला आणि चढला. घड कापला, मामीच्या पदरात सोडला, आणि उतरायला लागला. पुरुषभर उंचीवर येऊन थांबला. पूर्वी तो इथूनच उडी मारायचा. मामा एक एक वीत खाली सरकला आणि उजवी टाच, निजलेलं मूल ठेवावं तशी, जमिनीवर टेकवली.

"दुखतं का?" मामीने विचारलं.

"न्हाय." त्याने खोडाला तळहात लावून जरासं ढकलून पाहिलं. झाड हललं नाही. "कवळं हाय अजून. ह्याच्यावरनं त्याच्यावर जायला पंधरा साल तरी जातील. चांगली झुलतील तवा." मग म्हणाला, "मी न्हाय बघायचो."

मामीने घड पदरात आवळून धरला आणि तोंड फिरवलं. मामा अनवाणीच पुढच्या झाडाकडे निघाला होता, म्हणून मी त्याच्या चपला उचलल्या आणि धावत जाऊन पुढच्या बुंध्याशी नेऊन ठेवल्या. त्या दिवशी तो नऊ वेळा चढला आणि नऊ वेळा सावकाश उतरला, आणि पुढच्या आठही वेळी त्याचा पाय जिथे पडणार तिथे मी चपला मांडून उभा होतो.