रामबाईचं न लिहिलेलं नाव

कारंज्यात हायवेच्या कडेला सपनाचं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, दाखले, पेन्शन, सगळं तिथं होतं. सपना बोलायला फटकळ, पण कुणाच्या घरची गोष्ट या कानाची त्या कानाला कळू द्यायची नाही. म्हणून बाया तिच्याकडेच येत.

मेच्या सुरुवातीला जंगलाकडच्या गावातून रामबाई आली. ठेकेदार भूपेंद्रच्या माणसांनी तोडायची परवानगी नसलेलं एक झाड पाडलं होतं. तक्रार तर करायची होती. पण रामबाई तेंदूपत्त्याचे पुडे विकायची ते त्याच्याच खरेदीच्या फडावर.

"मावं नाव नाई ना जानार?"

"मावशी, तुमी बिनधास्त राहा." सपनाच्या मोबाइलमध्ये एक ॲप होतं. त्यातला दूत तक्रार घेऊन आपणहून या हापिसातून त्या हापिसात फिरे आणि उत्तर घेऊन परत येई. पाठवणाऱ्याचं नाव, नंबर, गाव तो कुठंच सांगत नसे. "कोतवालाच्या तोंडून नाव फुटन, याच्या नाई."

रामबाई बोलली, फोननं लिहून घेतलं. नुसतं 'एक झाड' म्हणणं तिच्या जिभेला जमेना. देवाचं झाड, कुणाचे देव हे सांगितल्याशिवाय त्याचं नाव कसं घ्यायचं? "आमचे सात देव ज्याच्या बुडाशी बसतात तो साजा," ती त्या ऐनाच्या झाडाबद्दल म्हणाली. सपनाला ते वाक्य फार आवडलं. तिनं ते तसंच पाठवून दिलं.

दूतानं काम चोख केलं. हापिसानं ती निनावी तक्रार खुलाशासाठी भूपेंद्रकडे पाठवली. त्यानं वाचली आणि हसला. गोंडांची कुळं देवांच्या संख्येवरून ओळखली जातात, आणि त्या गावात गोंडांची अकरा घरं. त्यातली दहा घरं सहा देव मानणारी. सात देव मानणारं एकच.

दुसऱ्या दिवशी फडावर रामबाईचे पुडे कुणी घेतले नाहीत.

हे कळल्यावर सपनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मशीनला काय बोल लावायचा? नाव झाकलं की माणूस झाकला, असं समजणारी अतिशहाणी ती स्वतःच. आजवर कितीजणींना तिनं हाच भरवसा दिला होता! त्यातल्या कोण कोण उघड्या पडल्या असतील, देव जाणे. चार दिवस तिला जेवण गेलं नाही.

पाचव्या दिवशी रामबाई दारात उभी.

"मावशी, माया हातून चूक झाली."

"तुयी काऊन? बोलली तं मीच." रामबाई बाकावर टेकली. "आता नावानं लिही. त्याले ठाऊकच हाये. लपून राह्यली तं चोर मीच दिसून राह्यली."

सपनानं साधा फॉर्म उघडला. रामबाईचं पूर्ण नाव लिहिलं, गाव लिहिलं. खाली शेवटचा रकाना होता : तक्रार लिहून देणाऱ्याचं नाव. तिचा हात थांबला. सेंटरचा गाळा भूपेंद्रच्या सख्ख्या काकाचा होता.

रामबाईला वाचता येत नव्हतं. सपनानं रकाना रिकामा ठेवला आणि बटण दाबलं.

"गेली का व?"

"गेली, मावशी."

"तू संग होती म्हनून हिंमत झाली," म्हणत रामबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सपनाला मान वर करवली नाही.