बेचाळीस सेकंदांची फुली

पौषातल्या एका सकाळी मी गावदेवीपुढे दिवा लावला, कपाळाला अंगारा लावला, चालत शहापूरचे कॉलेज गाठले आणि तासाभरात प्रयोगवहीत खोटा आकडा लिहिला. ज्यांचा अमृतमहोत्सव आज आपण साजरा करत आहोत, त्या निरगुडे सरांची आणि माझी खरी ओळख त्या आकड्यामुळे झाली.

प्रयोग साधा होता. कागदावर फुली काढायची, तिच्यावर सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणाचे चंचुपात्र ठेवायचे आणि त्यात आम्ल ओतायचे. गंधक सुटून द्रावण गढूळ होते. वरून पाहताना फुली दिसेनाशी व्हायला किती सेकंद लागले, ते लिहायचे. माझी फुली जाता जाईना. सत्तर सेकंद लागले. आदल्या वर्षीच्या एका मुलाच्या वहीत बेचाळीस होते. मी बेचाळीस लिहिले.

सर मागे उभे होते, हे मला ठाऊक नव्हते. चारचौघांत ते काही बोलले नाहीत. वहीत लाल शाईने एवढेच आले : ‘हा आकडा तुझा नाही. उद्या लवकर ये.’

दुसऱ्या दिवशी सर आसनगावहून सायकलने तासभर आधी आले. माझ्या एकट्यासाठी त्यांनी प्रयोगशाळा उघडली आणि पाण्याच्या बादलीकडे बोट दाखवले.

“हात घाल.”

“लय गार हाय, सर.”

“मग? या गारठ्यात तू तरी हाक मारल्याबरोबर उठतोस का? जुना बंध तुटायला ऊर्जा लागते. थंडीत तेवढा जोर थोड्याच कणांकडे असतो. क्रियेला पुस्तकातला आकडा माहीत नसतो, बाळा. तिला आजचं पाणी माहीत असतं.”

मग त्यांनी चंचुपात्र कोमट पाण्यात ठेवायला लावले. फुली बघता बघता गेली. मी बेचाळीस खोडून सत्तर लिहिले, आणि त्या सत्तरला सरांनी पूर्ण गुण दिले. ही गोष्ट त्यांच्या तोंडून आजवर कुणालाही कळलेली नाही.

सरांचे शिकवणे आपल्या मातीतले होते. कसाऱ्याचा एक मित्र एकदा म्हणाला, “सर, उत्प्रेरक म्हंजे घाटात गाडीला मागनं लावतात ते इंजिन ना?” सर खळखळून हसले. “नाय रे! इंजिन जोर देतं. ते काम आपल्या स्पिरिटच्या दिव्याचं. उत्प्रेरक म्हणजे बोगदा. डोंगर तिथंच राहतो, पण माथ्यापर्यंत चढावं लागत नाही.” तेव्हापासून गाडी बोगद्यात शिरली की मला सरांचे हसू आठवते.

पुढे मी मुरबाडकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवू लागलो आणि वर्षानुवर्षे फळ्याच्या कोपऱ्यात ‘योग्य’ आकडे लिहून देत राहिलो. मुलांचे गुण जाऊ नयेत, ही माझी सबब. निवृत्तीनंतर सर एकदा आमच्याकडे आले. प्रयोगशाळेत त्यांनी माझ्या मुलांच्या प्रयोगवह्या चाळल्या.

“तुमच्या मुरबाडला सगळ्यांच्या फुल्या एकाच सेकंदाला जातात होय रे? देवाची कृपाच म्हणायची!”

मी हसलो, पण त्या दिवशी देवापुढे डोळे मिटवेनात.

या गौरवग्रंथासाठी लेख मागितला गेला तेव्हा पहिल्याच ओळीवर हात अडला. जे मी स्वतः पाळत नाही, त्याचा गौरव कसा लिहू? यंदा थंडी पडली तशी मी फळ्यावरचे आकडे पुसले. सहकारी म्हणाले, “गुरुजी, निकाल घसरला तर पालक तुमालाच धरतील.” भीती मलाही होती. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी प्रत्येकाचा आकडा वेगळा आला. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी एका मुलीला हटकले, “तुझ्याच फुलीला एवढा वेळ का?”

“बाई, माझं टेबल खिडकीकडं हाय. पानी गार होतं. मी मापलंय, बघा.”

बाईंनी स्वतः तापमापी बुडवली, पाहिली आणि म्हणाल्या, “शाब्बास! ही पहिली खरी वही.” त्या वर्गातले एकही मूल नापास झाले नाही. सर, तो विजय आपला आहे.

पंचाहत्तरीतही सर सायकलने बाजारात येतात. त्यांचे गुडघे असेच साथ देवोत, दृष्टी अशीच तीक्ष्ण राहो आणि शंभरीच्या ग्रंथातही आम्हां शिष्यांच्या चुका त्यांनी लाल शाईने दाखवाव्यात, एवढे मी रोज गावदेवीला मागतो. फळ्याचा तो कोपरा मी कायमचा पुसला आहे. तिथे आता रोज सकाळी मुले फक्त पाण्याचे तापमान लिहितात.