लेथवरून लिस्बनला

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, एका अरुंद गाळ्यात, वर्षाराणी चौगुले गेली बावीस वर्षं लेथ चालवते. काम शिकवलं वडिलांनी, गुंडूआबांनी. आबांना वाचनाचं वेड. यंत्रावर पोलाद गरगरत असताना ते लेकीला गोष्टी सांगायचे. पैजेपायी पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेली, ऐन वेळी आगबोट चुकलेली, एकेका तासासाठी जीव टाकणारी माणसं त्यांत असायची. वर्षाराणी कान देऊन ऐकायची आणि मनात म्हणायची, पुस्तकातली माणसं ती, त्यांना काय पोटापाण्याची चिंता!

मागच्या फेब्रुवारीत भर दुपारी आदर्श गाळ्यात शिरला. त्याचं सायकलचं दुकान. त्याच्यामागं उन्हानं सोलवटलेली एक परदेशी बाई, खांद्यावर सायकल.

"आक्का, ह्या मार्ता. पोर्तुगालच्या. सायकलनं पृथ्वीला फेरी मारायल्यात, एकशेवीस दिवसांत. मागच्या चाकाच्या मधला दांडा तुटलाय, आन् असला कोल्हापुरात कुठंच घावंना."

"किती दिवस झालं?"

"एकसष्ट. घड्याळ थांबत न्हाय, आक्का. झोपलं तरी चालूच, सायकल मोडली तरी चालूच."

वर्षाराणीनं सायकलवरच्या मीटरमध्ये डोकावून पाहिलं. चौदा हजार दोनशे किलोमीटर! तिची स्वतःची धाव बेळगाव आणि पुणे, तीही एसटीनं. मग तिची नजर बाईच्या पायांकडं गेली. साधेच पाय, डास चावलेले, एका गुडघ्याला चिकटपट्टी. ह्या पायांनी एवढे देश मागं टाकले? तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

तुटक्या दांड्याची मापं घेऊन तिनं पोलादाची सळई यंत्राला लावली. मार्ता कोपऱ्यातल्या पोत्यांवर टेकली आणि बसल्या जागी झोपली.

पाऊण तासानं दांडा तयार झाला. चाकात बसला, पण शेवटच्या आट्यांना जरा अडखळला. मार्तानं चाक फिरवून पाहिलं, अंगठा वर केला आणि हेल्मेट उचललं.

"न्हाय," वर्षाराणी म्हणाली. "आदर्श, सांग त्यास्नी. ह्यो आज चालंल, पर पुढं कुठंतरी माळावर तुटंल. आणखी पाऊण तास द्या म्हणावं मला. दुसरा करतो."

आदर्शनं सांगितलं. मार्तानं घड्याळ पाहिलं, मग वर्षाराणीचे तेलकट हात पाहिले. हेल्मेट खाली ठेवून ती पुन्हा पोत्यांवर बसली.

एवढ्या लांबून आलेली बाई आपल्या शब्दावर थांबली, ह्याचंच वर्षाराणीला दडपण आलं. मध्ये ती पाणीसुद्धा प्यायली नाही. दुसरा दांडा मात्र हातानं फिरवला तसा अलगद शेवटपर्यंत गेला. मार्तानं तिला तेलासकट मिठी मारली आणि दोनच्या आत कागलच्या रस्त्याला लागली.

आदर्शनं वर्षाराणीच्या मोबाईलवर नकाशा लावून दिला. त्यावर मार्ता म्हणजे एक निळा ठिपका. रोज जेवणाच्या सुट्टीत वर्षाराणी तो शोधायची. चेन्नई, मग विमानानं समुद्र ओलांडून ऑस्ट्रेलिया, मग नावंही वाचता येऊ नयेत अशी गावं. एकदा उलट्या वाऱ्यानं ठिपका दोन दिवस जेमतेम सरकला, तेव्हा तिला डबा गोड लागला नाही.

एकशे सतराव्या दिवशी ठिपका जिथून निघाला होता तिथं, लिस्बनला, पोचला. दांडा शाबूत होता.

आदर्श धावत गाळ्यात आला, तसं वर्षाराणीनं यंत्र बंद केलं. खडू घेऊन तिनं फरशीवर हिशेब मांडला. कोल्हापूरपासून पुढं किती किलोमीटर, चाकाचा घेर किती. उत्तर आलं सत्तर लाख. तिनं केलेल्या दांड्याभोवती चाक सत्तर लाख वेळा फिरलं होतं. तिनं शून्यं दोनदा मोजली.

"आदर्शा," ती हळूच म्हणाली, "खरंच आबांच्या गोष्टीतल्यागत फिरून आली की रं बाई!"