आमचा गवळाऊ गोऱ्हा आणि ढोरांचा डॉक्टर

आमच्या गावचा सांड माझ्या आईनं संपवला.

हे मला परवा कळलं. आज सकाळी आई गेली.
अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती. रडायला हवं, पण मी अजून परवाच्या शॉकमध्येच आहे.

झालं असं. सिंदी मेघेच्या आमच्या आताच्या घरी मी तिला मोबाइलवर फोटो दाखवत होतो. गवळाऊ सांड, पांढराशुभ्र. खाली लिहिलं होतं, ही जात आपल्याच पट्ट्यातली, आता अस्सल जनावर शोधत फिरावं लागतं.

आईनं फोन हातातून काढून घेतला.
"असाच होता आपला गोऱ्हा. म्याच घात केला त्याचा."

मी हसलो.
कारण ही गोष्ट आमच्या रोहण्याकडच्या गावात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पन्नासच्या दशकात ढोरांचा डॉक्टर सायकलवर आला आणि आमच्या गोठ्यात पैदाशीसाठी राखलेला गावचा एकुलता एक गवळाऊ गोऱ्हा खच्ची करून गेला. वर म्हणाला, घरातल्या बाईनंच सांगितलं!
आजही आमच्याकडे थापा मारणाऱ्याला 'ढोरडाक्टर' म्हणतात. मीही म्हणत आलोय.

"त्यानं खरंच इचारलं होतं मले," आई म्हणाली. "सारे मानसं कापूस घेऊन आर्वीले गेलते. मी नवी सून, दाराआड. तो म्हने, बाई, हा कामाचा का? मी म्हनलं, हाव, मोठ्या कामाचा हाय."

तिला म्हणायचं होतं, मोलाचा आहे, जपायचा आहे.
त्यानं ऐकलं, वखराला जुंपायचा आहे, म्हणजे खच्ची करायचा.

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तुह्या आज्यानं साऱ्या गावासमोर इचारलं, तू बोलली का? मी मान हालवली. नाई म्हनलं. भेव वाटलं रे."

लोकांनी डॉक्टरची सायकल फोडली. तो पुन्हा आमच्या गावात आला नाही.

गोऱ्हा पुढं बैल म्हणून राबला. गाई मिळेल त्या सांडाकडे गेल्या. वासरं झाली, धडधाकट झाली, पण गवळाऊ नाहीत. भर उन्हात गाडी पळवणारं ते हलकं, चपळ जनावर आमच्या गोठ्यात परत जन्मलंच नाही. एका गोऱ्ह्यानं जात बुडत नाही, कळतं मला. पण आसपासच्या गावांतही या ना त्या कारणानं हेच होत गेलं. आणि जी जात फक्त इथलीच, ती इथून गेल्यावर आणायची कुठून?

आई, मला तुझा राग आलाय. आज यायला नको, पण आलाय.
अठरा वर्षांची पोर घाबरली, समजू शकतो. पण सत्तर वर्षं?

डॉक्टरसाहेब, तुमचं नावही आम्हाला माहीत नाही. त्या काळी रोहण्याकडे सायकलवर फिरणारे ढोरांचे डॉक्टर वाचणाऱ्यांपैकी कुणाचे वडील किंवा आजोबा असतील, तर हे घरी वाचून दाखवा.
ते खोटं बोलले नव्हते. माझ्या आईनंच सांगितलं होतं. आम्हाला माफ करा.

परवा फोन परत देताना आई म्हणाली होती, "मी गेल्यावर साऱ्याइले सांगजो."

सांगितलं गं, आई.
जा आता सुखानं.