ए बरा की बी बरा

मला फरक ऐकू येत नव्हता. चार रविवार झाले तरी येत नव्हता, आणि हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

फरक म्हणजे दोन डॅकमधला. लॅपटॉपमधल्या गाण्याचे आकडे विजेत उतरवून ॲम्प्लिफायरला देणारी, जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी असते, तिला आमच्या मंडळीत डॅक म्हणतात. अण्णांकडे एक जुना होता. मी ऑफिसातल्या पुणेकर मित्राच्या नादाला लागून नवा घेतला होता. दोन्हींतला बरा कोणता, एवढाच प्रश्न. माझ्या बायकोने तो घरी दोन मिनिटांत सोडवला होता. "दोन्ही काळेच आहेत, जो कमी जागा खातो तो ठेव." आम्हाला मात्र त्यासाठी रविवारामागून रविवार लागत होते.

अण्णा म्हणजे या कानडी शहराच्या बनशंकरी भागातले आमचे रविवारचे यजमान. मूळचे निपाणीकडचे, वयाने सत्तरीला टेकलेले. सगळी नोकरी इथल्याच एका कारखान्यात, मोजमापाच्या विभागात झाली. त्यामुळे चहात साखर घालतानाही ते चमचा सपाट करून घेत. मी आणि तो पुणेकर इलेक्ट्रॉनिक सिटीत सॉफ्टवेअर तपासतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढणं हाच आमचा धंदा. अशी तीन चिकित्सक माणसं एका दिवाणखान्यात जमल्यावर काय होणार! साधं गाणं ऐकायचं तर त्याचीही परीक्षा घेतली जायची.

परीक्षेचे नियम अण्णांचे. दोन्ही डॅक टॉवेलाखाली झाकलेले, कारण दिसलं की कान बिघडतात. जुना ए, नवा बी. दोन्हींच्या तारा एका पत्र्याच्या डबीत जायच्या आणि डबीवरचं बटण फिरवलं की ए जाऊन बी यायचा. ही डबी अण्णांनी स्वतः झाळून बनवली होती. "आवाज केसभर जरी मोठा झाला तरी माणसाला तोच चांगला वाटतोय बघ," ते म्हणायचे, "म्हणून आधी डबी तपासायला पाहिजे." आणि त्यांनी ती खरोखर मीटर लावून दोन दिवस तपासली होती. ऐकताना बोलायचं नाही, चिठ्ठीवर लिहायचं. शेवटी चिठ्ठ्या वाचायच्या.

चिठ्ठ्यांची भाषा आम्ही कुठून शिकलो कोण जाणे. "ए जरा चिकट, बी मोकळा." "बीमध्ये गायकाच्या मागे भिंत दिसते." भिंत! मित्राच्या चिठ्ठीत इंग्रजीच जास्त असायचं. "अरे, स्टेज किती वाइड आहे बीचा! ए एकदम फ्लॅट यार." अण्णा गंभीरपणे मान हलवायचे आणि म्हणायचे, "होय की. बी स्वल्प मोकळाच आहे." मग मीही म्हणायचो, हो, मोकळा आहे. बी माझाच होता, त्यामुळे माझा अभिमान फुगायला हवा होता. प्रत्यक्षात माझी चिठ्ठी वाचताना मी मान वर करत नसे.

कारण माझे वडील. ते चव्वेचाळीसचे असताना त्यांचे कान जायला लागले. त्यांनी ते कबूल केलं नाही. लोक हसले की ते अर्धा क्षण उशिरा हसत. कुणी काही विचारलं की "हो, हो" म्हणत आणि तोंडाकडे बघत राहत. आम्हा मुलांना त्याचा राग यायचा. एकदा त्यांनी बहिणीच्या लग्नाच्या बैठकीत भलत्याच प्रश्नाला "हो, हो" म्हटलं, तेव्हा मी भर बैठकीत त्यांच्यावर ओरडलो होतो. आता मी चव्वेचाळीसचा होतो, आणि दर रविवारी अण्णांच्या तोंडाकडे बघून चिठ्ठी लिहीत होतो.

घाबरलो होतो, दुसरं काय. बसमध्ये बसलो की मागच्या बाकावरचं बोलणं ऐकू येतं का ते बघायचो. कन्नड कळत नाही तेवढं, पण शब्द सुटे ऐकू आले तरी बरं वाटायचं. ऑफिसात कुणी हळू बोललं की खुर्ची पुढे सरकवायचो. तपासणी करून घ्यायला हवी होती. तेवढं धैर्य नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मी घट्ट आवळून बसलो होतो.

पाचव्या रविवारी आम्ही अण्णांचा तरुणपणापासून आवडता असलेला एक जुना अभंग लावला. अण्णांनी बटण टक् करून फिरवलं. ए. टक्. बी. पुन्हा ए. मी डोळे मिटून, श्वास रोखून ऐकलं. दोन्ही वेळा तोच गायक, तोच पखवाज, तसाच. डोळे उघडले तर बीवर अण्णांची मान हळूहळू डोलत होती. मी लिहिलं, "बी. जास्त हवा आहे." तिन्ही चिठ्ठ्या उघडल्या. बी, बी, बी. मित्राने टाळी वाजवली. "बस, फायनल! बीला तोडच नाही!"

तेवढ्यात अक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी, कॉफी घेऊन आल्या. दोन कॉफींच्या बाय टू करून, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या वाटून, चार पेले भरलेले, त्यामुळे कुणाच्या पेल्यात जास्त आहे हे आम्ही सवयीने बघितलंच. ट्रे ठेवताना त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या वीजपट्टीकडे गेलं.

"अय्यो, ही वायर खालीच राहिली की हो!" त्या म्हणाल्या. "सकाळी चटणीला मिक्सर इथं लावलेला. स्वयंपाकघरातला पॉइंट जळलाय ना. तेव्हा काढली ती लावायचीच राहिली."

अण्णांनी ती तार उचलली आणि टॉवेलाखाली कुठे जाते ते बोटांनी चाचपत गेले. बीला जात होती. त्यांनी टॉवेल काढला. बीचा दिवा विझलेला होता. माझा नवाकोरा, मोकळा, तोड नसलेला बी सकाळपासून बंद होता.

 अण्णांनी खिशातून लहान स्क्रूड्रायव्हर काढला, डबीचे चार स्क्रू सोडवले आणि आत बघून कपाळावर हात मारला. डबी तपासताना त्यांनी आतल्या आत एचीच तार दोन्ही बाजूंना जोडली होती. एकच आवाज दोन्ही बाजूंनी सारखाच मोठा येतो की नाही, ते मीटरवर बघायला. आला होता, अगदी तंतोतंत. त्या आनंदात तो जोड काढायचा राहून गेला. पाच रविवार आम्ही एला एशीच ताडून बघत होतो.

माझा जीव भांड्यात पडला. खरंच सांगतो, पेला ठेवताना निम्मी कॉफी बशीत सांडली. फरक ऐकू आला नाही, कारण फरक नव्हताच! मी मोठ्याने हसलो, एकटाच, आणि मग डोळे भरून आले तेव्हा अक्का घाबरल्या. मी सगळं सांगून टाकलं. वडिलांचं, बसमधलं, चिठ्ठ्यांचं. "मला एकदाही फरक कळला नाही. मी अण्णांकडे बघून लिहीत होतो."

"आणि मी तुझ्याकडे बघून," मित्र म्हणाला. "मला वाटलं तू बीचा मालक, तुला तरी कळत असेल ना यार."

आम्ही दोघांनी अण्णांकडे बघितलं. ते स्क्रू एकेक करून बशीत ठेवत होते.

"मी तुम्हा दोघांकडं बघत होतो," ते म्हणाले. "तुमचे कान तरणे. मला वरचे सूर येतच नाहीत आता. दोन वर्षं झाली. कान तपासून आलोय मी मल्लेश्वरमला, हिला न सांगता."

"न सांगता!" अक्का म्हणाल्या. "बेल वाजली की दर वेळी मीच का उठते, हौसेनं होय?"

 अण्णा असे हसले की त्यांना ठसका लागला आणि अक्कांनी पाणी आणून पाठ चोळली. दोन वर्षं ते बेल वाजेल आणि आपल्याला ऐकू येणार नाही म्हणून दुपारची झोपही अर्धवट घेत होते, असं त्यांनी नंतर सांगितलं. आता कशाचीच भीती उरली नव्हती.

डबी तशीच उघडी पडू दिली. कुणीच तो जोड काढला नाही. अण्णांनी अभंग पुन्हा पहिल्यापासून लावला, खुर्ची माझ्या शेजारी ओढली आणि वाकून विचारलं, "ह्यात आत्ता वर काही वाजतंय काय रे?"

"टाळ आहेत, अण्णा."

"किती जण?"

मी कान दिला. "दोघं. त्यातला एक जरासा मागे पडतोय."

अण्णांनी डोळे मिटले आणि मांडीवर बोटाने, किंचित उशिरा, ठेका धरला. "पडायचाच," ते म्हणाले. "कॉलेजात होतो तेव्हापासून मागंच पडतोय तो."