कडीवरची थंडी

एकतीस वर्षं एकाच शाळेच्या फाटकावर उभ्या राहिलेल्या माणसाला नाव असतं, पण ते हजेरीपटाबाहेर कोणाला लागत नाही. सगळे त्यांना फाटककाका म्हणत. मुलं म्हणत, मुलांचे आईबाप म्हणत, आणि एकदा तर जेवायला वाढता वाढता त्यांच्या बायकोच्या तोंडूनही तेच निघालं होतं. सकाळी सहाला फाटक उघडायचं, पायऱ्या झाडायच्या, घंटा द्यायची, उशिरा येणाऱ्यांवर डोळे वटारायचे आणि मग त्यांना हळूच आत सोडायचं, हे त्यांचं काम. त्यात त्यांनी कधी कसूर केली नाही. फक्त डोळे वटारणं त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही.

हिवाळ्यात मात्र त्यांच्या गळ्यात एक जास्तीचं काम पडे. शाळेचा नियमच होता: सकाळी सहाला तापमान शून्याच्या खाली असेल तर शाळा आठऐवजी नऊला भरणार, उणे पाचच्या खाली असेल तर मैदान बंद, म्हणजे खेळ, कवायत, शर्यती सगळं रद्द. फाटकाच्या खांबावर तापमापक टांगलेला होता. काका आकडा फळ्यावर लिहीत, मुख्याध्यापिका बाई फळ्याचा फोटो काढून पालकांना पाठवत, आणि मग शेकडो घरांत लोक पांघरुणातून एक डोळा बाहेर काढून ठरवत की उठायचं की नाही.

आता खरं सांगायचं तर तो तापमापक आठ वर्षांपूर्वीच चेंडू लागून फुटला होता. काकांनी त्याच दिवशी अर्ज दिला. अर्ज वर गेला आणि वरच राहिला. थंडी काही अर्जाच्या निकालासाठी थांबत नाही. पण काकांना एक खोड होती. तापमापक धड होता तेव्हा एक अख्खा हिवाळा ते रोज सकाळी फाटकाची लोखंडी कडी उघड्या मुठीत धरून आकडे मोजत, आणि हात कितव्या आकड्याला सुटतो ते डायरीत तापमानाशेजारी लिहून ठेवत. का, तर उगाच. रिकामा वेळ होता आणि हात मोकळा होता. चाळिसाला सुटला तर शून्य अंश, पंचविसाला सुटला तर उणे पाच, असा तो हिशेब पक्का बसला होता. तापमापक फुटल्यावर काकांनी कडी धरली, मोजलं, डायरी बघितली आणि फळ्यावर आकडा लिहिला. फुटका तापमापक खांबावर तसाच राहिला, शाळेची अब्रू म्हणून.

असे आठ हिवाळे गेले. ताप आला तरी काका यायचे, कारण बदली माणूस मिळाला असता, पण बदली हात कुठून आणणार? कोणाचीही एका अंशाची तक्रार आली नाही. त्यांनी लिहिलेला एकही आकडा मनाचा नव्हता, आणि याचा काकांना, कुणाला सांगता येत नसला तरी, फार अभिमान होता.

या वर्षी थंडी मी म्हणत होती. आठवड्यातून चार दिवस शाळा उशिरा आणि तीन दिवस मैदान बंद. झालं, पालकांत दोन तट पडले. एका बाजूला दातांच्या डॉक्टरबाई. त्यांच्या मते एवढ्या थंडीत मुलाला घराबाहेर काढणं हाच गुन्हा. त्यांचा मुलगा पाच स्वेटर घालून यायचा. त्याचा हात कोपरात वाकत नसे, त्यामुळे हजेरीला तो नुसता डुलायचा. दुसऱ्या बाजूला बेकरीवाले. ते म्हणत, "गारठ्याने पोरं घडतात. आम्ही अनवाणी जायचो शाळेत!" हे सांगताना ते स्वतः गुडघ्यापर्यंतचा कोट आणि कानटोपी घालून असत, आणि त्यांचा मुलगा शेजारी अर्ध्या चड्डीत निळा पडत घडत असे.

एरवी काकांना या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. पण त्यांची नात, भिंगरी, शाळेच्या शेवटच्या वर्गात होती. शाळेची मोठी शर्यत, मैदानाला आठ फेऱ्या, फक्त शेवटच्या वर्गालाच पळायला मिळते. तीस वर्षं काकांनी ती शर्यत दुसऱ्यांच्या पोरांसाठी बघितली होती. मैदानावर चुना टाकला होता, पडलेल्यांचे गुडघे धुतले होते. या वर्षी घरचं पोर पळणार होतं. महिनाअखेरीला काका निवृत्त होणार होते. आणि शर्यत थंडीपायी तीनदा रद्द झाली होती. आता उरला होता एकच शुक्रवार, त्यानंतर परीक्षा. काकांना निवृत्तीचा हार नको होता, भाषणं नको होती. भिंगरीला एकदा पळताना बघायचं, एवढंच हवं होतं.

"आजोबा," भिंगरी घरी म्हणाली, "शुक्रवारी जरा भरभर मोजा ना."

घरात कडीचं गुपित तिला एकटीलाच ठाऊक होतं.

"कडीला नातीगोती नसतात," काका म्हणाले. म्हणाले खरे, पण त्यानंतर त्यांना जेवण गेलं नाही.

गुपित फुटलं ते सोमवारी. डॉक्टरबाईंना फळ्यावरचा आकडा अर्ध्या अंशाने जास्त वाटला, म्हणून त्या पहाटे स्वतः तापमापकाचा फोटो काढायला आल्या. तापमापकात पारा नव्हताच. काच होती, आकडे होते, मधे एक मेलेला कोळी होता. आणि शेजारी काका कडी धरून डोळे मिटून "एकोणतीस, तीस" करत उभे.

संध्याकाळी पालकसभा भरली. काकांनी डायरी समोर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. त्यांना वाटलं, आता एकतीस वर्षांची चाकरी पाण्यात जाणार. पण पालकांचं डोकं असल्या साध्या वाटेने जात नाही.

"नवीन तापमापक घेऊ या," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या.

"जरूर," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण तो सावलीत लावायचा, मुलांच्या नाकाच्या उंचीवर."

"मुलं काय सावलीत खेळतात?" बेकरीवाले कडाडले. "उन्हात लावा!"

"सकाळी सहाला ऊन कुठून आणणार?"

"ते तुम्ही मला विचारू नका. मी काही सूर्य नाही."

मंगळवारी दोघांनी आपापला तापमापक आणला. दोन्हींत तीन अंशांचा फरक. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे पोरांच्या बाबतीत ऐकलं होतं. इथे ते तापमापकांना लागू झालं. दोन्ही बाजूंचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, की समोरच्याच्या यंत्रावर विश्वास ठेवता येत नाही. त्यापेक्षा काकांचा हात बरा, तो निदान शाळेचा तरी आहे. तेव्हा हातच ठेवायचा असं सर्वानुमते ठरलं, आणि ठरल्या ठरल्या भांडण पुढे सरकलं: हात कोणाचा?

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" म्हणत बेकरीवाले बुधवारी पुढे आले आणि त्यांनी कडी धरली. वीस वर्षं भट्टीतले तवे ओढून त्यांच्या तळव्यांना ना ऊन कळत होतं ना थंडी. ते एकशे दहापर्यंत गेले आणि वर शीळ घालू लागले. त्यांच्या हिशेबाने तो उन्हाळा होता. मग डॉक्टरबाईंनी हातमोजा काढला. दिवसभर मोज्यांत राहिलेला तो हात; सहाच्या आकड्यालाच त्या किंचाळल्या. त्यांच्या हिशेबाने शाळाच काय, सगळं शहर बंद ठेवायला हवं होतं. दोघांची सरासरी काढली तर ती कोणालाच मान्य नव्हती. एका मुलीचे बाबा घड्याळं दुरुस्त करत. त्यांनी भिंग डोळ्याला लावून निकाल दिला की हातात दोष नाही, मोजण्यात आहे. काका विसानंतर श्वास घेतात, तिथे दीड सेकंद गळतो.

अशी गुरुवारपर्यंत नियमावलीच तयार झाली. हात काकांचा. वेळ घड्याळवाल्यांची. एका मोजणीवर कोणाचा आक्षेप असेल तर दुसरी, दुसरीवर असेल तर तिसरी, आणि तिसरी अंतिम. मधे दहा मिनिटं हात उबवायचा. मोजणी चालू असताना काकांनी हात किंवा जागा सोडली तर मोजणी बाद आणि पहिल्यापासून सुरुवात. काकांनी खाली सही केली. एकतीस वर्षांत त्यांनी इतकी महत्त्वाची सही केली नव्हती, आणि त्यांना ते मुळीच आवडलं नाही.

शुक्रवार उजाडला तो कानांच्या पाळ्या ओरबाडतच. पहिली मोजणी: तेवीस. मैदान बंद. बेकरीवाल्यांचा आक्षेप. हात उबवायला त्यांनी भट्टीतला गरम पाव पुढे केला, तर डॉक्टरबाईंनी हरकत घेतली, की पाव विरुद्ध बाजूचा आहे. काकांनी मुकाट्याने हात काखेत धरला. दुसरी मोजणी करता करता घड्याळवाल्यांना शिंक आली आणि ती मोजणी बाद झाली. तोवर आठ वाजले. बाद मोजणी दुसरी धरायची की नाही यावर पाऊण तास गेला.

यात एका गोष्टीचा कोणी विचारच केला नव्हता. पालक भांडायला आले म्हणजे मुलंही बरोबर आली, घरी ती कोणाकडे ठेवणार? शाळा भरली आहे की नाही हे ठरल्याशिवाय वर्ग उघडता येत नव्हते. तेव्हा मुख्याध्यापिका बाईंनी सगळ्या मुलांना इमारतीमागच्या मैदानावर रांगेत उभं केलं, आणि सांगितलं, की मैदानावर जाण्याइतपत ऊब आहे की नाही याचा निर्णय होईपर्यंत इथेच मैदानावर थांबा. हे बोलताना त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. पालकांनाही वाटलं नाही. मुलांना वाटलं असावं, पण त्यांचे दात इतके वाजत होते की कोणाला काही बोलता येईना.

तिसरी मोजणी सुरू झाली. काकांनी कडी धरली. फाटकाभोवती पालकांचं कडं.

"सात, आठ, नऊ..."

इमारतीमागून खेळाच्या सरांची शिट्टी ऐकू आली. सर वैतागून ओरडत होते, "उभं राहून गोठण्यापेक्षा पळा रे पोरांनो! मोठ्या वर्गाने पुढे या, आठ फेऱ्या! बाकीच्यांनी टाळ्या वाजवा, हात गरम होतील!"

आठ फेऱ्या म्हणजे शर्यतच की! मैदान साठ पावलांवर होतं, मधे फक्त इमारत. काकांनी मान वळवली.

"काका, इकडे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हलू नका. बाद होईल."

"अहो, माझी नात..."

"माझाही मुलगा आहे तिथे. म्हणूनच म्हणते, नीट मोजा."

"बारा," काका म्हणाले. "तेरा." पण घड्याळवाल्यांनी बोट वर केलं, बोलण्यात वेळ गळाला होता. पुन्हा पहिल्यापासून. हात उबवायला पुन्हा दहा मिनिटं, तीही जागा न सोडता, कारण नियम. काकांनी दोन्ही हात काखेत घेतले आणि ते भिंतीकडे बघत उभे राहिले. मागून आरडाओरडा वाढत चालला होता. शंभर चिमुकल्या गळ्यांतून "भिंगरी! भिंगरी!" असं आलं, आणि काका एवढ्या थंडीत घामाघूम झाले. जावं, असं त्यांना शंभरदा वाटलं. पण ते गेले असते तर सगळ्यांना नऊ वाजल्यापासून दहा वाजेपर्यंत पुन्हा उभं राहावं लागलं असतं. शब्द दिला होता आणि सही केली होती. ते थांबले, मग कडी धरली आणि मोजलं. बाविसाला हात सुटला.

"उणे सहा!" डॉक्टरबाई विजयाने म्हणाल्या. "मैदान बंद. शर्यत रद्द."

"मान्य," बेकरीवाले पडेल आवाजात म्हणाले.

तेवढ्यात मागून मुलं आली. लालबुंद, घामेजलेली, डोक्यांतून वाफा निघताहेत. डॉक्टरबाईंच्या मुलाने चार स्वेटर कुठेतरी टाकले होते आणि तो दोन्ही हात कोपरात वाकवून सगळ्यांना दाखवत होता. भिंगरी सरळ काकांकडे धावत आली.

"आजोबा, बघितलंत ना?"

काकांनी तिच्याकडे बघितलं. पालकांकडे बघितलं. आपल्या बधिर झालेल्या तळव्याकडे बघितलं.

"बघितलं की," ते म्हणाले.

"मग सांगा, कितवी आले?"

"पहिली," काका म्हणाले.

भिंगरीचं हसू थांबलं. "सातवी," ती म्हणाली.

आठ वर्षांत काकांनी मनाचा आकडा एकदाच सांगितला, आणि तोच चुकला. त्यांना आपली इतकी लाज वाटली की फाटकाला पाठ लावून ते तिथेच उकिडवे बसले. "नाही गं बाळा बघितलं," ते म्हणाले. "मी इथेच होतो. मोजत होतो."

भिंगरीच्या मागे बेकरीवाले विचारत होते, की रद्द झालेली शर्यत आधीच पळून झाली असेल तर ती रद्द कशी होईल, आणि डॉक्टरबाई म्हणत होत्या, की ती झालीच नाही, कारण होऊ शकत नव्हती. दोन्ही बाजूंची माणसं पुन्हा जमू लागली होती. मुख्याध्यापिका बाई हाका मारत होत्या, "फाटककाका, घंटा! नऊ वाजून गेले!"

"उठा," भिंगरी म्हणाली. तिने त्यांचा गारठलेला हात धरला आणि ओढला.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा फाटक उघडं टाकून, घंटा तशीच ठेवून, काका शाळेच्या वेळात इमारतीमागे गेले. मैदानावर कोणी नव्हतं. भिंगरीने त्यांना चुन्याच्या रेघेपाशी उभं केलं.

"एकच फेरी पळते हं," ती म्हणाली. "आठ नाही जमायच्या आता. पण नीट बघा."

ती पळाली. पाय दमलेले होते, वळणावर ती घसरली, सावरली, पोटात दुखू लागलं म्हणून कमरेवर हात ठेवून अर्धी फेरी नुसती चालल्यासारखीच पळाली. काकांच्या डोळ्यांना पाण्याची धार लागली होती. ते त्यांनी पुसले नाहीत. पुसायला गेले असते तर तेवढ्यातलं पळणं बघायचं राहिलं असतं.