रुपचंदच्या नावावरचा निंबा

भागाबाईला घरातली माणसं मोजलेली अजिबात खपत नसत; मोजलं, उजेडात आलं, की काळाची नजर पडते, असं ती मानायची. धरणगावजवळच्या तिच्या खेड्यात खानेसुमारीचा मास्तर आला, तेव्हा ओसरीवर पाच जण भाकरी मोडत बसले असताना बाईनं ठणकावून सांगितलं, "घरमा कोनी नही!" बादलीतून दुधाचा फेस उतू जात असायचा, आणि कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "म्हैस भाकड शे व माय." सगळं गाव हसायचं. पुढं सुनेची दोन बाळं एकामागोमाग गेली, आणि मग कुणी हसेना.

तिसरा निंबा. तो जन्मला त्याच आठवड्यात भागाबाईनं त्याला शेजारच्या रुपचंदच्या बायकोच्या पदरात टाकलं आणि बदल्यात पसाभर बाजरी घेतली. विकलाच म्हणा ना! आता पोर रुपचंदचं, आपल्याकडे नुसतं दूध प्यायला येतं. काळ शोधत आलाच, तर त्यानं तिच्या मुलाच्या, चुडामणच्या, घरी शोधावं आणि रिकाम्या हातानं परत जावं.

अठ्ठ्याण्णव साली दीड वर्षाच्या निंबाची छाती भरली. जळगावच्या मुलांच्या दवाखान्यात काचेआडच्या अतिदक्षता विभागात त्याला ठेवलं. ही दुसरी खेप. श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जात होत्या.

सून सुनंदा डॉक्टरांना रडतरडत म्हणाली, "मागच्या वेळी एका इंजेक्शननं अंगभर गांधी उठल्या, श्वासच अडकला होता."

"कोणतं इंजेक्शन?"

ते सुनंदाला कुठलं ठाऊक! डॉक्टरांनी पुष्पा सिस्टरचा हात थांबवला. "सिस्टर, ते कळल्याशिवाय सुई टोचू नका. मागची नोंद बघा. लवकर. फार वेळ नाही आपल्याकडे."

पुष्पा सिस्टर नव्या कॉम्प्युटरसमोर बसल्या. "बापाचं नाव?"

"चुडामण."

भागाबाईनं सुनेचं मनगट करकचून धरलं. सांगितलंच हिनं! आणि तेही एवढ्या उजेडाच्या खोक्यापुढं!

"या नावाचं पोर आलंच नाही म्हणतोय हा," सिस्टर म्हणाल्या.

"व्हता ना ताई! याच पलंगवर व्हता!" सुनंदा म्हणाली.

"अगं, मला पटतंय, याला पटायला हवं ना! नुसत्या निंबावर हा शोधतच नाही. बाप बरोबर सांगा, मगच तोंड उघडणार. जुनं रजिस्टर असतं तर पानं चाळून काढला असता मी."

भागाबाईला सगळं ठाऊक होतं. मागल्या खेपेला टेबलापाशी तीच उभी होती. बाप म्हणून तिनं रुपचंदचं नाव सांगितलं होतं, आणि दवाखान्यानं दिलेला कागदही रुपचंदच्याच घरी नेऊन ठेवला होता. आता सांगायचं, तर दोन्ही बाप त्या खोक्यात शेजारी शेजारी बसणार. मग काळाला शोधायची तरी काय गरज? काचेपलीकडे निंबाच्या ओठांवर निळी झाक आली होती.

"रुपचंद," ती पुटपुटली. "रुपचंद टाक, बाई."

पडदा अक्षरांनी भरला. सिस्टरनी औषधाचं नाव मोठ्यानं वाचलं, आणि डॉक्टरांनी ट्रेमधली भरलेली सिरिंज उचलून बाजूला ठेवली. तेच औषध होतं. मग दुसरं सुरू झालं.

"आजी, हा रुपचंद कोण?" सिस्टरनी विचारलं. "खरा बाप मला इथं जोडावा लागेल. नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा हीच गत, आणि तेव्हा तुम्ही इथं नसलात तर?"

सुनंदा सासूकडे वळली. "आत्याबाई, तुम्हीच सांगा."

भागाबाईनं डोळे मिटले. "लिही. हाऊ मना चुडामणना पोऱ्या शे. मना नातू शे."

बटणं खडखडली. प्रत्येक खडखडीला ती दचकत होती. मग ती काचेच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. सलाईन घेऊन आलेली नर्स वैतागली, "आजी, सरका की! दार काय तुमच्या सासऱ्याचं?" बाईनं अंग चोरून वाट दिली आणि पुन्हा पाठ टेकवली.

संध्याकाळी निंबानं डोळे उघडून पाणी मागितलं. सुनंदा हसत आत धावली. भागाबाई मात्र जागची हलली नाही. व्हरांड्यातून कोण येतंय, ते ती बघत होती.